तिसरी ओळ

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत आणि गंज चढावा असे अंगही नाही. मी एकवीस ओळींचा एक जुना प्रोग्राम आहे. एका कार्यशाळेतल्या संगणकात मी नऊ वर्षे राहतो आहे. माणसांत नऊ वर्षांचे मूल चौथीत जाते. आमच्यात नऊ वर्षे म्हणजे पणजोबाचे वय झाले.

आता प्रोग्रामला ऐकू कसे येते आणि दिसते कसे, असे कुणी विचारील. आपली गोष्ट आपणच सांगायची म्हटल्यावर तेवढी सूट घ्यावी लागते.

आमच्या कार्यशाळेत कृत्रिम पाय बनतात. लांबट खोली, दोन उंच खिडक्या आणि प्रत्येक वस्तूवर प्लास्टरची पांढरी भुकटी. एका भिंतीला थांबणाऱ्यांसाठी लाकडी बाक. समोर चालण्याचा सराव करायला कमरेइतक्या उंचीचे दोन आडवे दांडे आणि त्यांच्या टोकाला उभा आरसा. कोपऱ्यातल्या काचेच्या केबिनमध्ये संगणक आणि त्याला जोडलेले कोरायचे यंत्र. त्या यंत्राला सगळे ‘कोरणी’ म्हणतात.

काम असे चालते. माणसाच्या पायाचा जो भाग उरलेला असतो, त्याचे कॅमेऱ्याने चारी बाजूंनी शेकडो फोटो घेतात. संगणक त्यावरून आकार काढतो. हा हिशेब दोन तास चालतो. मग कोरणी तो आकार एका कडक फोमच्या ठोकळ्यात कोरते. त्या ठोकळ्यावर साचेकाका तापवलेला प्लास्टिकचा पत्रा ओढतात, आणि पाय ज्यात बसतो ती खोळ तयार होते. तिला सॉकेट म्हणतात. साचेकाकांचे खरे नाव हजेरीपटावर असेल. मी ते कधी ऐकलेले नाही.

माझा जन्म एका नुकसानीतून झाला. तेव्हा संगणक आक्का सांभाळायच्या. एकदा कोरणी चालू असतानाच त्यांनी दुसऱ्याचा हिशेब सुरू केला. मेमरी, म्हणजे चालू कामे मांडून ठेवायची संगणकातली जागा, पुरली नाही. अशा वेळी काय होते ते ऐका. संगणकात एक कारभारी असतो. तुम्ही त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणता. आमचा युनिक्सच्या वळणाचा आहे. जागा अगदीच संपली की तो कोणाला विचारत बसत नाही. चालू कामांपैकी एखादे निवडतो आणि ते मारून टाकतो. त्या दिवशी त्याने कोरणीचे काम मारले. ठोकळा अर्धा कोरलेला होता, तो फुकट गेला. पाय एका विणकराचा होता. दोन बस बदलून आलेला तो माणूस कुबड्यांवरच परत गेला आणि तीन आठवड्यांनी पुन्हा आला.

दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. आक्कांनी त्याच दुपारी, खुर्चीवर न बसता, उभ्याउभ्या मला लिहिले. माझे काम सोपे होते. कुठलाही हिशेब सुरू होण्याआधी मी कारभाऱ्याला विचारायचे की जागा किती आहे. पुरेशी असली तर बाजूला व्हायचे. नसली तर पडद्यावर लिहायचे: ‘मेमरी अपुरी. काम थांबवले आहे.’

हे विचारायचे कसे, तेही सांगतो. कारभारी एक यादी देतो. ‘प्रॉक’ नावाच्या कप्प्यात ‘मेमइन्फो’ नावाने ती असते. गंमत अशी की ती यादी डिस्कवर कुठेच लिहिलेली नसते. कोणी मागितली की कारभारी त्या क्षणी लिहून देतो आणि विसरून जातो. यादी लांबलचक असते. पहिल्या ओळीत एकूण जागा, दुसऱ्या ओळीत मोकळी जागा, आणि खाली आणखी बरेच काही. आक्कांनी मला सांगितले, दुसरी ओळ वाच. मी दुसरी ओळ वाचली, आकडा किलोबाइटमधून गिगाबाइटमध्ये आणला आणि यादी बंद केली. पुढे नऊ वर्षे मी हेच केले. मी नाकासमोर चालणारा आहे.

पहिली तीन वर्षे सुखाची गेली. पाहुणे आले की आक्का पडदा दाखवून म्हणायच्या, “हा आमचा राखणदार. हा आल्यापासून एकही ठोकळा वाया गेलेला नाही.” ते खरे होते. मला बरे वाटायचे. पुढे आक्का निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी त्यांनी नव्या ताईंना खुर्चीत बसवले आणि सांगितले, “बाकी काहीही बदल, पण राखणदाराला धक्का लावू नकोस.”

ताईंनी तो शब्द पाळला. इतका पाळला की मला कधी उघडूनही पाहिले नाही. माणसे ज्याला फार मान देतात, त्याच्याकडे बघायचे राहून जाते.

त्याच वर्षी नवा कॅमेरा आला, अधिक मोठे फोटो काढणारा. संगणकावर कारभारीही नवा बसवला गेला. आणि माझी कटकट सुरू झाली. सकाळी सगळे ठीक असायचे. जेवणाची वेळ झाली की मी ‘मेमरी अपुरी’ म्हणून आडवा यायचो. यंत्र बंद करून पुन्हा चालू केले की मी गप्प. मग तोच रिवाज पडला. रोज जेवणानंतर यंत्र बंद करायचे, चालू करायचे, डिस्कची तपासणी होऊ द्यायची, कोरणीचे पाते पुन्हा शून्यावर आणून बसवायचे. यात पाऊण तास जायचा. साचेकाकांनी त्याला ‘आंघोळ’ असे नाव दिले. केबिनच्या काचेवर चक्क पाटी लागली: ‘रोज दीड वाजता यंत्राची आंघोळ. सहकार्य करावे.’ बाकावरची माणसे सहकार्य करायची. दुसरे करणार काय?

मध्ये एकदा वरिष्ठांनी नवी मेमरी विकत घेऊन दिली. आठाची सोळा गिगाबाइट झाली. आंघोळ दीडच्या ऐवजी तीनला आली, एवढाच फरक. पुढे फोटो आणखी मोठे झाले आणि ती परत दीडवर गेली. “याला भस्म्या झालाय,” साचेकाका म्हणाले, “कितीही वाढा, पुन्हा उपाशीच.” जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असा तो प्रकार होता. पण जखम कुठे आहे हे मलाही ठाऊक नव्हते. मी माझी ओळ वाचत होतो आणि ती ओळ खरेच सांगत होती. मोकळी जागा खरोखर नव्हती.

आता त्या दिवसाकडे येतो.

त्या दिवशी बाकावर एक टपालवाली बसली होती. चौदा वर्षे दारोदार टपाल वाटलेली बाई. वर्षभरापूर्वी एका अपघातात तिचा डावा पाय गुडघ्याखाली गेला होता. आम्ही तिला पाय दिला होता, पण उरलेला भाग महिन्याभरात आकसला आणि सॉकेट सैल झाले. असे होते, त्यात कोणाची चूक नसते. तिला सॉकेट नवे हवे होते, आणि आजच हवे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता तिची परीक्षा होती. भरलेली पिशवी खांद्याला लावून दोन जिने चढून दाखवायचे. जमले तर टपाल वाटायचा तिचा भाग तिला परत मिळणार. नाही जमले तर तो दुसऱ्याला देऊन तिला कायमचे टपाल निवडायच्या टेबलाशी बसवणार. दोनदा तिने मुदत वाढवून घेतली होती. तिसऱ्यांदा मिळणार नव्हती.

“बसून काम करायला काय हरकत आहे?” साचेकाकांनी तिला सहज विचारले.

“म्हातारपणी बसायचंच आहे की,” ती म्हणाली. “माझ्या भागात एक आजोबा आहेत. पत्र असो नसो, अकरा वाजता दारात येऊन उभे राहतात. नवा माणूस म्हणे पेटीत टाकतो आणि जातो. त्यांच्याशी बोलायला कोण थांबणार?”

साचेकाकांनी बोटांवर हिशेब केला. प्लास्टिकला ठोकळ्यावर चौदा तास निवावे लागते, नाहीतर ते आकसते. सकाळी आठला ते उतरवायचे, तर संध्याकाळी सहाच्या आत ओढायला हवे. ठोकळा पाचला हवा, आणि तो कोरायला दीड-दोन तास लागतात. म्हणजे दोन तासांचा हिशेब एक वाजताच सुरू व्हायला हवा.

एक वाजता ताईंनी हिशेब सुरू केला. मी यादी मागवली, दुसरी ओळ वाचली. हवी होती पाच गिगाबाइट. मोकळी होती शून्य पूर्णांक सहा. मी लिहिले: ‘मेमरी अपुरी. काम थांबवले आहे.’

“घाला त्याला आंघोळ लवकर,” साचेकाका म्हणाले.

“कशी घालू काका? कोरणी चालू आहे.”

खरेच चालू होती. सकाळी तिचे पाते तुटले होते, नवे बसवेपर्यंत साडेअकरा झाले. त्यानंतर तिच्यावर एका माळीबुवांचा मांडीपर्यंतचा मोठा ठोकळा चढला होता, तो साडेतीनशिवाय उतरणार नव्हता. यंत्र आत्ता बंद केले तर तो ठोकळा गेला. कपाटात दुसरा एकच उरला होता, टपालवालीसाठी ठेवलेला. नवे ठोकळे यायला आठ दिवस होते. आणि साडेतीनपर्यंत थांबून, मग आंघोळ, मग हिशेब, मग कोरणी म्हटले तर सॉकेट हातात येणार उद्या परीक्षेची वेळ टळल्यावर.

ताई केबिनमधून बाहेर आल्या आणि तिला हे सगळे सरळ सांगितले.

टपालवालीने आवाज चढवला नाही. “म्हणजे कुणाचा तरी पाय सोडायचा,” ती म्हणाली. “माळीबुवांचा नको. ते पहिले आलेत.” मग तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडले आणि न पिताच परत लावले.

ताई आत गेल्या आणि त्यांनी आक्कांना फोन लावला. फोन टेबलावर ठेवून स्पीकर चालू केला, म्हणून मीही ऐकले.

“आक्का, आजच्यापुरतं राखणदाराला बाजूला काढून हिशेब सुरू करू का?”

“अजिबात नाही. विणकराची गोष्ट विसरलीस?”

“शंभरदा ऐकली आहे.”

“मग एकशे एकदा ऐक. जागा संपली तर मारला जाईल तो माळीबुवांचा ठोकळा. दोघांचंही जाईल. किती सांगतोय तो?”

“शून्य पूर्णांक सहा.”

“आणि चालू काय काय आहे?”

“नुसती कोरणी. तिला अर्धा गिगाबाइटसुद्धा लागत नाही.”

“सोळातली दीड-दोन तर बाकीचं सगळं मिळून जात असतील,” आक्का म्हणाल्या. “मग उरलेली खातंय कोण?”

“सहा वर्षं तोच प्रश्न आहे, आक्का.”

“तू त्याला उघडून पाहिलंस का कधी?”

“तुमचा आहे म्हणून हात लावला नाही.”

“अगं, मी काय दगडावर कोरून ठेवलाय तो? उघड. उघड आणि वाच मला.”

मित्रांनो, नऊ वर्षांत मला पहिल्यांदाच कुणी उघडले. ताई एकेक ओळ वाचत गेल्या. आठव्या ओळीवर थांबल्या. “इथे तुम्ही काहीतरी लिहून ठेवलंय.”

प्रोग्राममध्ये अशा काही ओळी असतात, की त्यांच्या सुरुवातीला एक खूण असते आणि ती दिसली की आम्ही ती ओळ सोडून पुढे जातो. त्या माणसांनी माणसांसाठी लिहिलेल्या असतात. मी ही ओळ हजारो वेळा ओलांडली होती. आत काय आहे ते मला माहीत नव्हते.

ताईंनी वाचले: “‘कारभाऱ्याने हाताशी ठेवलेल्या फायलींची जागाही धरावी का? पुन्हा तपासणे.’”

आक्का हळू आवाजात म्हणाल्या, “ते मी घाईत लिहिलं होतं. नंतर बघू म्हटलं. नंतर कधी आलंच नाही बघ.”

“म्हणजे काय, आक्का?”

“रिकामी जागा कारभाऱ्याला बघवत नाही. एकदा वाचलेली फाईल तो जवळ ठेवून देतो, पुन्हा लागली तर पटकन सापडावी म्हणून. ती मोकळी नाही, पण अडलेलीही नाही. आता यादी काढ, आणि या वेळी तू स्वतः वाच. वरपासून.”

ताईंनी यादी काढली. पहिली ओळ, एकूण: सोळा. दुसरी ओळ, मोकळी: शून्य पूर्णांक सहा. आणि त्याच्या लगेच खाली तिसरी ओळ, नव्या कारभाऱ्याने आल्या दिवसापासून लिहिलेली. उपलब्ध: अकरा.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे तुम्ही म्हणता ना? माझ्या बाबतीत कळसा एका ओळीवर होता.

“अकरा?” ताईंचा विश्वास बसेना. “मोकळी अर्धी, आणि उपलब्ध अकरा? ही जागा येणार कुठून? आणि नाही आली तर?”

साचेकाका दारातच उभे होते. त्यांना संगणकातले काही कळत नाही आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. ते म्हणाले, “माझं टेबल बघा.”

साचेकाकांचे टेबल कायम भरलेले असते. कानशी, पट्ट्या, जुने साचे, मापांचे कागद; चहाचा कप ठेवायलाही जागा नसते.

“मोकळं आहे का?” त्यांनी विचारले.

“नाही.”

काकांनी कोपराने सगळे एका बाजूला लोटले. दोन हात रुंद लाकूड उघडे पडले. “पण पाय आला की होतं. आजवर कधी कुणाला परत पाठवलंय, टेबल भरलंय म्हणून?”

ताई परत पडद्याकडे वळल्या. “आक्का, करू?”

“खुर्चीत तू आहेस. कारभारी उपलब्ध म्हणतो तो त्याचा अंदाज असतो, पण मुद्दाम हात राखून केलेला. पाच हवी आहेत, अकरा आहेत. मी असते तर केलं असतं. आणि मी सहा वर्षांपूर्वीच करायला हवं होतं.”

ताईंनी माझ्या नवव्या ओळीतल्या दोनाचा तीन केला. एवढाच बदल. एक वाजून अठ्ठावीस मिनिटांनी त्यांनी पुन्हा हिशेब सुरू केला. मी यादी मागवली आणि जन्मात पहिल्यांदा तिसरी ओळ वाचली. अकरा. मी बाजूला झालो.

त्यानंतरचे दोन तास केबिनमध्ये कोणी जेवले नाही. हिशेब मोठा होत गेला, एक गिगाबाइट, दोन, चार. कारभारी शांतपणे जुन्या फायली सोडत गेला आणि जागा देत गेला. ताईंचे डोळे पडद्यावर आणि कान कोरणीकडे. पात्याची घरघर थांबते की काय, याची त्या वाट पाहत होत्या असेच म्हणायला हवे. ती थांबली नाही. हिशेब संपायला तीन मिनिटे असताना माळीबुवांचा ठोकळा अखंड उतरला. लगेच दुसरा चढला. तो खाली यायला पाच वाजले. पाच चाळीसला काकांनी प्लास्टिक ओढले.

“आता घरी जा,” ते टपालवालीला म्हणाले, “आणि आठला या. वीस मिनिटं हाताशी आहेत.” आणखी अर्धा तास उशीर झाला असता तर चौदा तास भरले नसते, हे त्यांनी तिला सांगितले नाही.

सकाळी ती आडव्या दांड्यांमध्ये आठ वेळा चालली. शेवटच्या दोन फेऱ्यांत तिने दांड्यांना हात लावला नाही. आरशात पायाकडे न बघता चेहऱ्याकडे बघितले, आणि साडेनऊला निघून गेली. परीक्षेचे काय झाले ते आम्हाला कळले नाही. कार्यशाळेत असेच असते. माणसे चालायला लागली की परत येत नाहीत.

ही मात्र आली. दोन आठवड्यांनी, बरोबर पावणेदोनला, खांद्याला भरलेली पिशवी. कार्यशाळेच्या नावाचे एक पाकीट होते. “सही करा,” ती ताईंना म्हणाली, जणू आधी कधी भेटलीच नव्हती. मग हसली. “नवा भाग मागून घेतला. जुना आहेच, हा त्याला जोडून. आजोबांना अकराला भेटूनच इकडे आले.”

जाताना तिची नजर बाकावर गेली. बाक रिकामा होता. “आज आंघोळ नाही का?”

“आता नसते,” ताई म्हणाल्या. “पाटी काढली आम्ही. यंत्राला काहीच झालेलं नव्हतं.”

“काहीच नव्हतं?” तिने बाकाकडे पुन्हा पाहिले. “मग इतकी वर्षं लोक इथे बसायचे ते कशासाठी?”

ताईंनी पाकीट उलटसुलट केले. साचेकाका कानस शोधू लागले, जी त्यांच्या हातातच होती.

मी हिशेब करणारा नव्हे, पण हा एक मी केला. रोज पाऊण तास, वर्षाचे दोनशे ऐंशी दिवस, सहा वर्षे. एक हजार दोनशे साठ तास. माझ्या नऊ वर्षांत एकही ठोकळा वाया गेला नाही, हे अजूनही खरे आहे. तो दुसरा आकडाही खरा आहे. बाकावर बसणाऱ्यांपैकी बहुतेकांना उठून येरझाऱ्याही घालता येत नव्हत्या. मला याचे वाईट वाटते. प्रोग्रामला वाटू नये असे म्हणतात, पण मला वाटते.

मित्रांनो, जुन्या वस्तू सहसा सांगतात की आम्हाला टाकू नका, जपून ठेवा. मला तसे म्हणायचे नाही. मला फार जपले, म्हणून तर हे झाले. माझे मागणे वेगळे आहे. तुमच्या आसपास माझ्यासारखे कोणी असेल, वर्षानुवर्षे एकच उत्तर देणारे आणि ज्याला कोणी उलटून विचारत नाही असे, तर त्याला कधीतरी उघडून बघा. आम्हाला जेवढे सांगितलेले असते तेवढेच आम्ही वाचतो. त्याखाली काय लिहिले आहे ते तुम्हीच बघायला हवे.

टपालवाली पाकीट देऊन गेली त्या संध्याकाळी ताईंनी मला पुन्हा उघडले. आठव्या ओळीतले आक्कांचे ‘पुन्हा तपासणे’ पुसतील असे मला वाटले होते. त्यांनी ते तसेच ठेवले आणि त्याच्याखाली तारीख घालून एक नवी ओळ लिहिली. लिहिताना मोठ्याने म्हणाल्या, म्हणून मला कळले: ‘तपासले. पुढच्या वर्षी पुन्हा तपासणे.’

मी आता बावीस ओळींचा आहे. त्या ओळीच्या सुरुवातीला ती खूण आहे, म्हणून मी ती रोज ओलांडून जातो. मला ती वाचता येत नाही. ती तुमच्यासाठी आहे.